बॉनेटवरचा चहा

युसुफनं चहाचा स्टीलचा पेला चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि हात पाठीमागे बांधून तो बघत उभा राहिला. चहा थरथरला, काठापर्यंत चढला आणि पांढऱ्या पत्र्यावर त्याचा ओघळ आला.

"बघ," तो मुलाला म्हणाला. "हुडहुडी भरल्यासारखी करताय."

अक्रमनं पेला उचलून वडिलांच्या हातात दिला, गाडी बंद केली आणि बॉनेट उघडलं. परीक्षा घ्यायची ही युसुफची जुनी रीत. उभा जन्म त्यानं पूर्णगडच्या लाँचींवर इंजिनं सांभाळली, आणि इंजिन धड झालं की नाही हे तो त्याच्या झाकणावर चहाचा पेला ठेवून ठरवायचा. चहा हलला नाही तर लाँच समुद्रात, हलला तर पुन्हा पाना हातात. पुढे समुद्र सुटला, ही जुनी पेट्रोलची गाडी दारात आली, पण रीत काही सुटली नाही. बॉनेटभर पेल्याच्या बुडाची वर्तुळं उमटली होती आणि ती पुसायचा नाद त्याच्या बायकोनं, हफीजानं, केव्हाच सोडला होता.

बरेच दिवस गाडी काळा धूर सोडत होती. तापली की चालू व्हायला रुसायची, आणि आत बसलं की पेट्रोलचा वास यायचा. युसुफच्या मते प्लग गेले होते. अक्रमनं इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घातला, एका छोट्या धातूच्या डबीवर बसवलेली बारीक रबरी नळी ओढून काढली आणि नाकाला लावली. मग ती बोटावर झटकली. बोट ओलं झालं.

"पेट्रोल!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की युसुफ बघतच राहिला.

"घरची गाडी बिघडली म्हणून हसणारा माणूस मी पहिलाच बघतोय," युसुफ म्हणाला.

"पेट्रोलचा रेग्युलेटर गेलाय, अब्बा. ह्या नळीत नुसती हवा पायजे. आतला पडदा फाटलाय, म्हणून पेट्रोल हिच्यात उतरतंय आणि सरळ इंजिनात जातंय. धूर त्याचाच."

एवढं सांगून तो घरात पळाला. मस्कतहून येऊन त्याला चारच दिवस झाले होते आणि त्याच्या बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, एक वस्तू होती. तिच्याबद्दल त्यानं घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याच्या ह्या आनंदाचं कारण कळायला त्या घरातली काचेची शोकेस बघावी लागेल. मधल्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी ती उभी होती. अक्रम तिकडे गेल्यापासून जे जे त्यानं आणलं किंवा कुणाबरोबर पाठवलं, ते सगळं तिच्यात होतं. सोनेरी काठाचा टी-सेट. अत्तराच्या न उघडलेल्या बाटल्या. हँडमिक्सर, त्याच्या खोक्यासकट. इस्त्री. खाडीपलीकडचं दिसेल असा टॉर्च, आणि वीज गेली की हफीजा चाचपडत मेणबत्ती शोधायची. खालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ब्लँकेट, पिशवीची चेनही न उघडलेलं. ईदच्या आदल्या दिवशी हफीजा काच सरकवायची, एकेक वस्तू बाहेर काढून मलमलीनं पुसायची आणि होती तिथे ठेवायची. आल्यागेल्याला सांगायची, "अक्रमनं आणलान."

पूर्णगडात गल्फला गेलेल्या पोरांच्या घरी अशी शोकेस असतेच, त्यात नवल नव्हतं. पण अक्रमला त्याचं वाईट वाटायचं. तो इतका लांब राबत होता आणि त्याच्या राबण्यातलं काहीही ह्या घरात वापरात नव्हतं. आई पाटावरवंट्यावर वाटण वाटते, बाप गोधडी पांघरतो, आणि आपला मिक्सर, आपलं ब्लँकेट काचेआड बसून त्यांच्याकडे बघतं. एकदा त्यानं आईला विचारलंही होतं.

"निदान त्या कपांतनं चहा तरी पी."

"फुटतील."

"फुटू देत. दुसरे पाठवीन."

 त्यावर ती नुसती बशी पुसत राहिली होती. कप सहा आणि बशा पाच, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं होतं. मुंबईच्या विमानतळावर एखादी गहाळ झाली असेल असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

म्हणून ह्या खेपेला त्यानं निश्चय केला होता, की शोकेसमध्ये जाणारच नाही अशी वस्तू न्यायची. मस्कतमध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होता. तिथूनच त्यानं ती उचलली. गर्द निळा, आरशासारखा चकचकीत रेग्युलेटर, डोक्यावर स्क्रू आणि पोटावर दाब दाखवणारं छोटं घड्याळ. ह्याची जागा बॉनेटखाली. गाडी ठणठणीत असती तरी तो हा बसवणारच होता. आता तर गाडीनंच मागितला.

हफीजानं तो दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा केला.

"काय गोजिरवाणा हाय. करतो काय ह्यो?"

अक्रम तिला मागच्या दारी घेऊन गेला. वाडीला पाणी लावलं होतं. विहिरीवरचा पंप चालू होता, माडांच्या आळ्यांत पाणी फिरत होतं, आणि एका आडव्या पाईपातून थोडं पाणी पुन्हा विहिरीतच पडत होतं.

"तो पाईप अब्बांनी का बसवला, आठवतं?"

"आठवतंय की. एकदा सगळे नळ बंद केलान आणि पंप चालूच. पाईप उडाला तो शेजारच्या सखूच्या अंगणात."

"बरोबर. पंपाला कळत नाय किती पाणी लागतंय. तो ढकलतच राहतो. म्हणून लागेल तेवढं वाडीला, जास्तीचं परत विहिरीत. गाडीत तेच. पंप टाकीतनं पेट्रोल ढकलतो, लागतं त्यापेक्षा जास्त. ह्याच्या आत एक पडदा आणि त्याच्यामागे स्प्रिंग. दाब वाढला की पडदा सरकतो, वाट उघडते, जास्तीचं पेट्रोल परत टाकीत. दाब ठरल्याएवढाच राहतो."

"आणि ती बारकी नळी?"

"ती इंजिन किती ओढ घेतंय ते पडद्याला सांगते. इंजिनावर जोर आला की दाब थोडा वर, जोर गेला की खाली."

हफीजा विहिरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, कारण तिनं पुढचा प्रश्न नेमका विचारला.

"मग साध्यापेक्षा ह्यो काय जास्ती करतो?"

"ह्याला स्क्रू हाय. दाब आपल्याला पायजे तेवढा वाढवता येतो."

"आपल्याला वाढवायचा हाय?"

मस्कतच्या काउंटरवर हा प्रश्न त्याला रोज यायचा आणि तो खरं उत्तर द्यायचा. इंजिनाला टर्बो लावलाय, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातलेत, तर हा घ्या. साधी गाडी असेल तर कंपनीचा पुरे, वर एक पैसा घालू नका. तरीही काही गिऱ्हाइकं निळा रंग बघून पाकीट काढायचीच, आणि ती गेली की अक्रम नि त्याचे सोबती हसायचे. आता तो स्वतःच त्या गिऱ्हाइकांत जमा झाला होता.

"पिकअप सुधारतो," तो म्हणाला.

"मग लाव बाबा," हफीजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बापलेक गाडी घेऊन मिरजोळ्याला अक्षयाच्या गॅरेजमध्ये गेले. एमआयडीसीतलं हे गॅरेज तिच्या वडिलांचं. डिप्लोमा करून आल्यावर तिनं ते हातात घेतलं, आणि वडील आता खुर्चीत बसून पेपर वाचत तिच्या चुका काढत. अक्षयानं निळी वस्तू हातात घेऊन शीळ घातली.

"अक्रमदादा, रत्नागिरीत असा पहिलाच आला. पण चाचांच्या गाडीला कशाला?"

"पडदा फाटलाय."

"ते बघितलं मी. कंपनीचा आहे ना माझ्याकडे. एवढासा असतो, दोन बोल्ट काढले की बसतो. ह्याला जोडणी वेगळी करावी लागेल, पाईप नवे."

"कर," अक्रम म्हणाला.

तिनं केलं. दुपारपर्यंत निळा रेग्युलेटर त्या जुनाट, तेलकट इंजिनाजवळ बसला. म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना बेगड लावावी तसा तो तिथे दिसत होता. अक्षयानं गाडी चालू केली, पाना स्क्रूला लावला.

"कंपनीच्या मापाला ठेवते."

"थोडा वाढव."

"वाढवून काय होणार? इंजेक्टर तेच. पेट्रोल जास्त जाईल, मग गाडीचा कॉम्प्युटर ते कमी करायला बघेल. दोघं भांडत बसतील."

हे अक्रम स्वतः शंभर जणांना सांगून बसला होता. पण मापाला ठेवला तर साध्यात नि ह्याच्यात फरक तो काय राहिला? काहीतरी फरक पडायलाच हवा होता.

"थोडाच."

"गाडी तुमची, स्क्रूही तुमचा," अक्षया म्हणाली आणि तिनं पाना फिरवला. घड्याळाचा काटा वर सरकला.  युसुफनं वाकून काट्याकडे बघितलं आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"झकास," तो म्हणाला.

शुक्रवारी तिघं राजिवड्याला मावशीकडे जेवायला निघाले. पावस मागे पडलं, गोळपचा सडा आला. काळ्या कातळावर ऊन तापत होतं. युसुफ गाडी चालवत होता, अक्रम शेजारी, हफीजा मागे.

"हलकी झाली गाडी," युसुफ म्हणाला.

"मागे तर कळतच नाय चालताय ते," हफीजा म्हणाली.

अक्रमला बरं वाटलं. भाट्याच्या पुलाआधी त्यानं सहज आरशात बघितलं. आईनं ओढणीचा पदर नाकाला धरला होता. त्याची नजर आरशात दिसताच तिनं तो घाईनं खाली घेतला आणि हसली. मग त्यानं वडिलांकडे बघितलं. युसुफनं एसी चालू ठेवून आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली होती. आत पेट्रोलचा वास होता, पहिल्यापेक्षा कमी, पण होता. पुलावर वेग घेताना मागे धुराची एक काळी फुंकर उठली, तीही आरशात दिसली.

 मावशीकडे जेवताना युसुफनं निळ्या रेग्युलेटरचं वर्णन दोनदा केलं. मावशीच्या घरच्या सगळ्यांना बाहेर नेऊन बॉनेट उघडून दाखवलं. "अक्रमनं आणलान," हफीजा म्हणाली. तोच सूर होता, शोकेसपुढे उभं राहून बोलायचा.

परत आल्यावर अक्रम पडवीत बसून राहिला. गाडी अंगणात उभी होती. तिच्याकडे बघता बघता त्याला एक गोष्ट कळली. रेग्युलेटर बसवून इतके दिवस झाले, पण वडिलांनी एकदाही बॉनेटवर पेला ठेवला नव्हता. सकाळी चहा घेऊन ते अंगणात यायचे, गाडी चालू करायचे, आणि पेला हातातच धरून लांब, माडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहायचे. चहा हलेल हे त्यांना ठाऊक होतं. मुलाची वस्तू नापास व्हायला नको म्हणून त्यांनी परीक्षाच घेतली नव्हती. ही माणसं त्या नाकातल्या वासासकट गाडी वर्षानुवर्षं चालवतील, आणि हलकी झाली म्हणून सांगतील. शोकेसची काच तेवढी नव्हती, बाकी सगळं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गाडी घेऊन गेला. अक्षयानं त्याला बघितलं आणि काही न विचारता फळीवरचं छोटं खोकं काढलं.

"बाजूलाच ठेवला होता मी," ती एवढंच म्हणाली.

"हसू नको."

"हसत नाही ओ. माझ्या बाबांच्या स्कूटरला मी डिस्को लाइट लावल्या होत्या. एक वर्ष त्यांनी त्या पेटवून फिरवली."

पेपरामागून वडील म्हणाले, "अजून आहेत त्या. डब्यात."

कंपनीचा रेग्युलेटर तासाभरात बसला. राखाडी, लिंबाएवढा, लक्षातही न येणारा. इंजिन धुसफुस न करता एका सुरात घुमायला लागलं. येताना गोळपच्या सड्यावर अक्रमनं सगळ्या काचा बंद करून नाकानं खोल श्वास घेतला. नुसता सीटच्या जुन्या कापडाचा वास होता.

घरी आला तेव्हा हफीजा चुलीशी होती. तो सरळ मधल्या खोलीत गेला आणि त्यानं शोकेसची काच सरकवली. काचेचा आवाज ऐकून हफीजा पदराला हात पुसत बाहेर आली. त्याच्या हातात निळा रेग्युलेटर होता, रॉकेलनं धुऊन पुसलेला.

"काढलास?"

"साधाच बरा हाय, आई. ह्यो आपल्या गाडीचा नाय." त्यानं तो पुढे केला. "पण दिसतो चांगला. हितं ठेवूया."

तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तो रागावलेला नव्हता. त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं, की काचेवरचा इतक्या वर्षांचा राग असा कुठे गेला.

"जागा कुठं हाय?" ती म्हणाली. सगळ्या फळ्या गच्च भरल्या होत्या. जराशानं तिनंच मधल्या फळीवरचा टी-सेट उचलला, ट्रेसकट, आणि त्या जागी निळा रेग्युलेटर ठेवला. घड्याळ दर्शनी बाजूला येईल असा फिरवला. मग ट्रे हातात घेऊन ती उभी राहिली. तो ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती, आणि चुलीवर चहा उकळत होता.

"धुऊन घेते," ती म्हणाली.

अशा रीतीनं त्या घरात सोनेरी काठाच्या कपात पहिल्यांदा चहा ओतला गेला. शेजारची सखू नारळ द्यायला आली होती, तिलाही कप मिळाला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"ईद हाय काय गो आज?"

"गप पी," हफीजा म्हणाली.

युसुफ आपला कप घेऊन अंगणात गेला. अक्रमनं त्याला गाडीचं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. त्यानं किल्ली फिरवली, क्षणभर कान दिला, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मग त्यानं हातातला कप उचलून बॉनेटवर ठेवला.

चहा स्तब्ध होता. वरच्या सायीलासुद्धा सुरकुती पडली नाही.

"बघा!" तो ओरडला. "या, सगळे या! बघा, हलतोय काय?"

सगळे पडवीत आले. "अवो, काचेचा हाय तो," हफीजा म्हणाली, पण आता युसुफ कुणाचं ऐकतो? इतक्या दिवसांचा दाबून ठेवलेला उत्साह त्याच्यात उसळला होता. दार उघडून त्यानं एक पाय आत टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. गाडी अंगभर शहारली, आणि कप उतरत्या बॉनेटवरून निवांत घसरत खाली आला. अंगणातल्या चिऱ्यावर पडून त्याचे तुकडे झाले.

युसुफनं इंजिन बंद केलं. सखूनं तोंडावर हात घेतला. हफीजा एकदम पांढरी पडली आणि तिनं वळून अक्रमकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग हातांकडे, पायांकडे. नजरेनं त्याला चाचपून घ्यावं तसं.

असं बघणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. मस्कतला गेला त्या पहिल्या वर्षी, भर दुपारी कामावर असताना तिचा फोन आला होता. "बरा हायस ना? हातपाय धड हायत ना?" बरा आहे म्हटलं तरी ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. काय झालं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"आई," तो हळूच म्हणाला. "ती सहावी बशी."

"माझ्याच हातनं फुटली," हफीजा म्हणाली. "तू तिकडे, दर्यापलीकडे, आणि तू पाठवलेली वस्तू हितं माझ्या हातनं फुटली. दोन दिस घास उतरला नाय. तवापासून काही वापरायची भीतीच बसली. मग मी म्हटलं, राहूदेत आतच. सगळंच राहूदेत."

तिनं झाडू आणला. तुकडे सुपलीत गोळा केले, सोनेरी काठाचा एक तुकडा उचलून बघितला आणि तोही त्यांत टाकला. मग ती हसायला लागली, आधी बारीक आणि मग पोट धरून, आणि तिच्याबरोबर सखूही.

"फुटू दे," ती म्हणाली. "हितंच तर हाय तो. माझ्यासमोर."

युसुफ अजून गाडीच्या दारात, एक पाय आत नि एक बाहेर, अपराधी तोंड करून उभा होता. तिनं घरातून दुसरा कप भरून आणला, सोनेरी काठाचा, आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "आणि अक्रम, ते ब्लँकेट काढ रे. रजा हाय तोवर पांघरूया."